वास कुणाला येतो?

आजचा विषय ऐकून काही जणी नाकाला पदर लावतील, पण ऐका. विषय आहे नाकात सतत येणारा वास. बाहेरचा वास नव्हे. त्याची आपल्याला सवय आहे. वलांडीवरचे बोंबील, खळ्यावर वाळत घातलेला जवळा, ओहोटीला उघडा पडलेला खाजणाचा चिखल, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, हे सगळे वास आपण ओळखतो आणि कुठून येतात तेही सांगू शकतो. मी बोलतेय ते अशा वासाबद्दल, जो महिनोन्‌महिने नाकातून हलत नाही आणि शेजारणीला विचारलं तर ती म्हणते, मला तर काहीच येत नाही.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, आपला जंजिरा आणि कुलाबा किल्ला होता. नाकाचा इतिहास काही कुणी शिकवला नाही. तो मी नंतर स्वतःच शोधून वाचला, आणि त्याला कारण झाली आमच्या बचत गटातली एक ताई.

ही ताई सुकी मासळी विकते. पन्नाशीच्या अलीकडची, हिशेबाला पक्की. गटाचं कर्ज घेऊन तिने पावसाळ्यासाठी सोडे आणि बोंबील भरून ठेवले होते. एका बैठकीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाय, मना सारखा कुजका वास येतंय गो. या उजव्या बाजूने." आधी तिला वाटलं घरात उंदीर मेलाय. तिने कपाटं हलवली, कौलं काढून पाहिली, मोरी तीनदा धुतली. मग तिला वाटलं मालच नासला. सोड्यांची एक अख्खी पाटी तिने समुद्रात टाकली. माल चांगला होता हे तिच्या जावेने आधी वास घेऊन सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसेना. सोड्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे. त्या पाटीचे हप्ते ती पुढे वर्षभर फेडत होती.

घरात कुणालाच वास येत नाही म्हटल्यावर सासूने निदान केलं, हिला बाहेरचं झालंय. भगताकडे नेलं. कोंबडा झाला, नारळ झाला, उंबऱ्यावर लिंबू बांधून झाले. चार महिने गेले, पैसे गेले, वास तिथेच. मी तिला तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा खरं सांगते, मलाही वाटत होतं की बाई मनाने खचली आहे, तिला दुसऱ्याच डॉक्टरची गरज असेल.

डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "वास दोन्ही नाकपुड्यांतून येतो की एकीतूनच?" दुसरा प्रश्न, "घरात आणखी कुणाला येतो का?" मग त्यांनी नाकात पाहिलं, आणि त्यानंतर चक्क तोंड उघडायला लावून वरच्या दाढा एकेक करून ठोकल्या. उजवीकडच्या एका दाढेवर ठोकताच ताई कळवळली. ती दाढ कित्येक वर्षं किडलेली होती. दुखली की ती तिथे मिशेरी दाबून ठेवायची, म्हणजे बधिर व्हायचं. दाढेच्या मुळाशी झालेला पू वरच्या पोकळीत साचला होता आणि तिथून नाकात उतरत होता. एक्स-रे झाला, औषधं झाली, दाढ काढली. काही आठवड्यांत वास गेला.

दाढेचा आणि नाकाचा संबंध काय, असं तुमच्याही मनात आलं असेल. आपल्या गालाच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना, एकेक पोकळी असते. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला अगदी लागून असतात. काहींच्या बाबतीत मध्ये कागदाएवढंच हाड असतं.

या पोकळीची गोष्टही एका बाईपासूनच सुरू होते. इंग्लंडमध्ये नॅथॅनिएल हायमोर नावाचा एक वैद्य होता. १६५१ साली, म्हणजे शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते तेव्हा, त्याने शरीररचनेवर एक ग्रंथ छापला. त्यात त्याच्याकडे आलेल्या एका बाईची हकीकत आहे. तिचा वरचा सुळा काढला आणि त्या जागेतून पू वाहायला लागला, तो थांबेच ना. तिला कळेना की हे येतंय कुठून. म्हणून तिने भोकात आधी एक बारीक सळई घातली, ती आत गेली. मग पक्ष्याचं पीस घातलं, तर तेही जवळजवळ पूर्ण आत गेलं. बाई घाबरली. तिला वाटलं, पीस मेंदूत पोचलं! तशीच ती हायमोरकडे आली. त्याने तिला समजावलं की बाई, ही मेंदूची जागा नाही, इथे प्रत्येकाच्याच गालात पोकळी असते. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर त्या पोकळीला हायमोरचंच नाव देत आले. पीस घालणाऱ्या बाईचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही.

(पीस घालण्याचा प्रयोग कुणी करू नका हं.)

आता सासूबाईंना आपण लगेच नावं ठेवतो. पण त्यांनी बाहेरचं झालंय असं का म्हटलं असेल? वासाची भीती फार जुनी आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, दारात कडुनिंब लावतात, गुग्गुळ जाळतात. घाण वास म्हणजे काहीतरी वाईट जवळ आलं, चांगला वास म्हणजे ते दूर गेलं. ही समजूत फक्त आपलीच नव्हती, युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती. रोग हा घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेतून येतो, असं ते शेकडो वर्षं शिकत आणि शिकवत आले.

त्याचा आपल्या जवळचा दाखला म्हणजे मुंबईचा प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्याचे. प्लेगचा जंतू त्याआधी दोन वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तरीही मुंबईत सरकारने काय केलं, तर गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतलं, घरं चुन्याने रंगवली, छपरं उघडली, कारण वास आणि कोंदटपणा हाच शत्रू वाटत होता. लाखो माणसं मुंबई सोडून आपापल्या गावी पळाली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आणि १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं की प्लेग वासातून येतच नाही, तो उंदराच्या पिसवेतून येतो. गटारं धुतली हे काही वाईट झालं नाही. पण खरा गुन्हेगार घराच्या कोपऱ्यात बसून होता आणि सगळे नाक धरून गटाराकडे बघत होते.

आपल्या जुन्या वैद्यकाने मात्र नाकाकडे बरंच बारकाईने पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेत नाकाचे एकतीस रोग मोजले आहेत. त्यात पूतिनस्य म्हणून एक आहे, ज्यात नाका-तोंडातून दुर्गंधी येते. अपीनस म्हणून दुसरा आहे. आपण खेड्यात "पिनस झालाय" म्हणतो, तो शब्द याच घरातला. त्याचं वर्णन वाचून मी चकित झाले. नाक चोंदतं, कधी ओलं तर कधी कोरडं होतं, आत धूर भरल्यासारखं वाटतं, आणि माणसाला वास व चव कळेनाशी होते. धूर भरल्यासारखं! इतक्या जुन्या काळात कुणीतरी रोग्यासमोर बसून त्याला नीट विचारल्याशिवाय हे लिहिता येणार नाही.

पण चरकसंहितेत एक जागा आहे, ती वाचून मला भीती वाटली. मरण जवळ आल्याची लक्षणं सांगताना तिथे म्हटलं आहे की ज्याला चांगला वास वाईट आणि वाईट वास चांगला वाटू लागतो, किंवा वासच कळेनासा होतो, त्याचं आयुष्य सरलं असं समजावं. मी हे वाचलं २०२१ च्या पावसाळ्यात. आणि तेव्हा माझ्या नाकाची नेमकी तीच अवस्था होती.

ती गोष्ट सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या, नारळाच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, गावंच्या गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. लॉकडाऊन होताच. त्यानंतर दहा दिवसांनी, १३ जूनला, केंद्र सरकारने कोरोनाच्या लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं हे लक्षण घातलं. आपल्याकडे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही पत्रे शोधत होतो. योगायोग बघा, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात साथीचा जो कायदा लावला, तो मुंबईच्या प्लेगसाठी केलेला १८९७ चाच कायदा होता.

मला कोरोना झाला दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये. घरीच बरी झाले. वास गेला होता, तो तीन आठवड्यांनी थोडा परत आला, मला आनंद झाला. आणि जूनच्या शेवटी एकदम करपलेल्या दुधाचा वास यायला लागला. दिवसभर. रात्री उठून मी गॅस बंद आहे ना बघायची. कांदा परतायला घेतला की मोरीच्या घाणीसारखा वास. अंडं फोडलं की उलटी. घरात सगळे जेवताहेत आणि मी ताट घेऊन अंगणात बसलेली. मुलगी म्हणायची, "आई, काही जळत नाहीये गं." ती बरोबर होती. आणि मीही खोटं बोलत नव्हते. त्या दिवसांत मला सुक्या मासळीवाल्या ताईची फार आठवण यायची, कारण तिच्याबद्दल मी मनात काय म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं.

मोबाईलवर शोधायला लागले तर सगळ्यात आधी समोर आली लंडनची एक स्वयंपाकीण. १८८९ सालची गोष्ट. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन हा त्या काळचा मेंदूच्या रोगांचा फार मोठा डॉक्टर. त्याच्याकडे पन्नाशी ओलांडलेली एक बाई आली. पोटासाठी लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. तिला मधूनच झटका येई. एकाएकी काहीतरी घाणेरडं जळाल्याचा भयंकर वास येई आणि डोळ्यांपुढे एक छोटीशी बाई दिसे, तीही लगबगीने स्वयंपाक करणारी. थोड्या वेळात सगळं जाई. जॅक्सनने आणि त्याचा सहकारी बीव्हर याने तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवलं. ती वारली, तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलाच्या आत, गाठ सापडली. वास ओळखण्याचं काम मेंदूच्या त्या भागात चालतं आणि तिथे बिघाड झाला तर नाकात काहीही नसताना वास येतो, हे कळायला त्या स्वयंपाकिणीचे शब्द उपयोगी पडले. एखाद्या डॉक्टराने तिला "चुलीपुढे बसून डोकं फिरलंय" म्हणून घालवून दिलं असतं तर?

ते वाचून मी रात्रभर जागी. मलाही गाठ! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, वास एकदम येऊन मिनिटा-दोन मिनिटांत जातो का? त्या वेळी भान हरपतं का, उगाच भीती दाटून येते का, तोंडाची चावल्यासारखी हालचाल होते का? माझं तसं काहीच नव्हतं. माझा वास दिवसभर मुक्कामाला असे. ते म्हणाले, हे कोरोनाचं आहे, धीर धरा.

कोरोनाचं म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरातली चाळणी डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल. नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मध्ये, चाळणीसारखं भोकं असलेलं एक पातळ हाड आहे. वासाच्या नसांचे धागे त्या भोकांतून मेंदूत जातात. धाग्यांच्या टोकांना वास पकडणारी जणू कुलपं असतात, सुमारे चारशे प्रकारची. प्रत्येक वासाची किल्ली वेगळी कुलपं उघडते. हे लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या दोघांनी १९९१ मध्ये शोधलं, त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. कोरोनाचा विषाणू त्या धाग्यांना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. धागे सुकतात, वास जातो. मग नवे धागे फुटतात, कारण या नसा पुन्हा उगवू शकतात. पण उगवताना जोडणी चुकते. वादळानंतर आपल्या गावात वीज आली तेव्हा नव्हतं का झालं, बटण दाबावं पंख्याचं आणि लागावा दिवा? तसंच. नाकाला कांदा मिळतो आणि मेंदूला मोरी कळते. म्हणजे वास बिघडणं हे मरणाचं नव्हे, नसा परत फुटत असल्याचं लक्षण होतं. चरकाच्या काळी ज्याला आयुष्य सरलं म्हटलं, ती माणसं २०२१ मध्ये गावोगाव होती, आणि आज बाजारात भाव करताना दिसतात.

जर्मनीत ड्रेस्डेन इथले डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधा उपाय तपासून प्रसिद्ध केला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, मन लावून, बारा आठवडे घ्यायचे. नाकाची शाळाच ती. माझ्या डॉक्टरांनी मला तेच सांगितलं. लवंग डब्यात होती, लिंबू परसात. निलगिरीचं तेल आणि गुलाबाचं अत्तर आणलं. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसायची आणि मनात म्हणायची, ही लवंग, ही लवंग. सासूबाई म्हणाल्या, "ही कुठली पूजा आणि?" पहिला खरा वास आला तो लिंबाचा, तिसऱ्या महिन्यात. सगळ्यांना याने गुण येतोच असं नाही, पण खर्च काही नाही आणि अपायही नाही.

आता तिसरी बाई. ही आमच्याच घरातली. आजीची धाकटी बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत पाठवलेली. मूलबाळ नाही म्हणून नव्हे. आजी सांगायची, तिच्या नाकाला वास यायचा. ती जवळ आली की माणसं तोंड फिरवत. पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो वास तिला स्वतःला येत नसे. तिला वाटे, माझं काय चुकतं? गावात कुजबुज, हिला महारोग झालाय. पुढे ती गोठ्यामागच्या खोलीत राहिली आणि तिथेच गेली.

आजीने सांगितलेलं सगळं मी त्या डॉक्टरांपुढे मांडलं. ते म्हणाले, आता नक्की सांगता यायचं नाही, पण वर्णन एका जुन्या रोगाचं आहे. त्यात नाकाच्या आतलं अस्तर सुकत जातं, पोकळी रुंद होते, हिरवट खपल्या धरतात आणि त्या कुजून दुर्गंधी येते. कधी त्यात माशी अंडी घालते आणि किडे पडतात. बर्लिनच्या बर्नहार्ड फ्रेंकेल यांनी १८७६ मध्ये या रोगाची खूण नीट मांडली, खपल्या, दुर्गंधी आणि सुकलेलं अस्तर. तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, बहुतेक वयात येताना सुरू होतो, आणि जिथे अन्न कमी, अंगात रक्त कमी, तिथे जास्त दिसतो. अस्तराबरोबर वासाचे धागेही सुकतात, म्हणून जिच्या नाकात दुर्गंधी तिलाच ती येत नाही. इंग्रजी पुस्तकात म्हणे याला दयाळू आंधळेपणासारखा शब्द आहे. नाकाची दया. मला नाही ती दया वाटली. जगाला कळतं आणि आपल्याला नाही, यात दया कसली?

उपाय काय होता? मिठाच्या पाण्याने नाक रोज धुणं, खपल्या काढणं, ग्लिसरीन-ग्लुकोजचे थेंब. एवढ्यानेही बाई चार माणसांत बसू शकते. काही वेळा नाकपुडी काही काळ शिवून बंद करतात, ती शस्त्रक्रिया यंग नावाच्या सर्जनने १९६७ मध्ये मांडली. आजीच्या बहिणीला यातलं काहीच मिळालं नाही. आणि महारोग म्हणाल तर तो असता तरी काय? कुष्ठरोगानेही नाकाचं अस्तर खराब होऊन वास येऊ शकतो. त्याचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच शोधला होता, शाप नव्हे हे तेव्हाच ठरलं. आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलं. १९८१ पासून एकत्र गोळ्यांचा जो उपचार आला, त्याने तो रोग पूर्ण बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

म्हणून डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. वास कुणाला येतो? सगळ्यांना येत असेल तर कारण घरात, गटारात नाहीतर हवेत, आणि मग तक्रार ग्रामपंचायतीत. इतरांना येतो, तिला नाही, तर आजीच्या बहिणीचं दुखणं. तिलाच येतो आणि एकाच बाजूने येतो, तर दाढ, पोकळीतली बुरशी किंवा क्वचित गाठ, म्हणून रक्त किंवा पू असेल तर थांबायचं नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड, तर बहुतेक आत चिंचोका, मणी नाहीतर रबर अडकलेला असतो. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, तो काही तासांत आतून जाळतो. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला तर चाळणीतले धागे तुटतात, तेव्हाही वास जातो नाहीतर भलता येतो. अर्धशिशीच्या आधी काहींना वास येतो. मन फार खचलेलं असतानाही येतो, आणि तेही दुखणंच आहे, ढोंग नव्हे. नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, विहिरीचं थेट नको.

एक आकडा सांगते. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्या हजारो लोकांना विचारून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. सुमारे पंधरात एकाला नसलेला वास आल्याचा अनुभव होता, आणि बायकांत तो जास्त. पण ज्यांना तो येत होता, त्यांतल्या शंभरात अकरा जणांनीच वास-चवीच्या त्रासाबद्दल कधी डॉक्टरांशी बोलणं केलं होतं. तिकडे भगत नाहीत, तरी हे असं.

आणि गॅसचं विसरू नका. गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासच्या न्यू लंडन गावातल्या शाळेत गॅस गळला, कुणाला कळलाच नाही, आणि स्फोटात तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्या सिलिंडरला येतो तो कुजक्या कोबीसारखा वास तोच. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून सिलिंडर घरोघरी गेले. ज्या बाईला वास कळत नाही तिच्या घरात तो इशारा मुका आहे. माझा वास गेला होता तेव्हा रोज रात्री मुलीने गॅसपाशी वास घ्यायचा, असं आम्ही ठरवलं होतं.

ताईचं विचाराल तर ती परत जोरात आहे. मिशेरी सुटलीय असं म्हणते, मी फार विचारत नाही. परवा बाजारात भेटली, तेव्हा तिने मूठभर सोडे माझ्या नाकापुढे धरले. "सांग बाय, कसा हाय माल?" मी डोळे मिटून वास घेतला. खारा, स्वच्छ, समुद्राचा वास होता. आणि त्याच्यामागे अगदी पुसट, करपलेल्या दुधाचा. मी तिला दोन्ही सांगितलं. तिने ते सोडे जावेच्या नाकापुढे धरले, आणि मग अर्धा किलो मला बांधून दिले.